हिऱ्याच्या खाणीचा शेअर घेताय? आधी कंपनीची तिजोरी बघा

"हिऱ्याच्या खाणीचो शेअर खंय गावता रे?" आंब्याचा हंगाम आटोपला, वाशी बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या हातात पडल्या, बोटीवरचा मुलगा सुट्टीवर आला, की आमच्याकडे गप्पा फिरत फिरत शेअर बाजारावर येतात. मग कुणीतरी मोबाइलवर कॅनडातल्या नाहीतर आफ्रिकेतल्या एखाद्या कंपनीचा आलेख दाखवतो. शेअर पंधरा सेंटांचा, म्हणजे आपल्या नऊ-दहा रुपयांचा. "लाखभरात दहा हजार शेअर!" असं म्हणत दोघं-तिघं तयारही होतात.

हा लेख त्या दोघा-तिघांसाठी आहे. घेऊ नका असं मी सांगणार नाही. पण हा सट्टा आहे, तेव्हा तो सट्ट्यासारखाच खेळायचा. खाणीत हिरे असले म्हणजे शेअरवाल्याला पैसे मिळतातच असं नाही, आणि नवख्यांचं नुकसान बहुतेकदा याच ठिकाणी होतं. ज्यांची नावं खाली येतील त्या कंपन्या उदाहरणादाखल आहेत, शिफारस एकाचीही नाही.

पायरी १: कंपनी नक्की करते काय?

आपल्या बाजारात 'हिऱ्याची कंपनी' म्हणून दिसतात त्या बहुतेक हिरे घासणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या किंवा विकणाऱ्या. सुरतेत पैलू पडतात, मुंबईत बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये सौदे होतात. खाण यात कुठेच नाही. तिथला धोका उधारीचा आणि व्यापाराचा. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेतला घोटाळा बाहेर आला तेव्हा त्यात नाव आलेल्या गीतांजली जेम्सचा शेअर दिवसामागून दिवस लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसातल्या घसरणीच्या मर्यादेला, लागत होता, आणि विकायचं म्हटलं तरी समोर गिऱ्हाईक नव्हतं.

भारतात खाणीतून हिरे काढणारी आणि बाजारात नोंदलेली कंपनी म्हणजे सरकारी एनएमडीसी. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात मझगवाँला तिची खाण आहे, देशातली एकमेव यांत्रिक हिरे-खाण. पण एनएमडीसीचा खरा धंदा लोहखनिजाचा. हिऱ्यासाठी म्हणून हा शेअर घ्याल तर तो हलणार लोखंडाच्या भावाने. रेडी बंदरातून खनिज भरलेली जहाजं जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो धंदा कसा चढतो-उतरतो हे ठाऊक आहे. (पन्न्यात साधा माणूसही सरकारी हिरे कार्यालयाकडून आठ बाय आठ मीटरचा पट्टा घेऊन स्वतः खणू शकतो. हिरा सापडला तर लिलाव सरकार करतं. निदान त्या सट्ट्यात आपण काय खणतोय ते डोळ्यांना दिसतं.)

राहिल्या परदेशी कंपन्या. डी बिअर्सचा स्वतंत्र शेअर मिळत नाही. तिची मालकी अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीकडे ८५ टक्के आणि बोट्सवाना सरकारकडे १५ टक्के अशी होती, आणि मे २०२४ मध्ये अँग्लोने तिच्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. रशियाच्या अलरोसावर २०२२ पासून अमेरिकेचे निर्बंध आहेत, तेव्हा ती वाट बंदच समजा.

मग कानावर येतात छोट्या कंपन्यांची नावं. बोट्सवानात करोवे खाण चालवणारी लुकारा, दक्षिण आफ्रिकेतल्या कलिननची पेट्रा, लेसोथोतल्या लेत्सेंगची जेम डायमंड्स, कॅनडात गाचो कुए खाणीत डी बिअर्सबरोबर भागीदार असलेली माउंटन प्रोव्हिन्स. आणि त्यांच्याही खाली नुसतं शोधकाम करणाऱ्यांची भलीमोठी रांग. त्यांच्याकडे खाण नसते. असतो तो जमिनीवरचा हक्क आणि एक नकाशा. पंधरा सेंटांचा शेअर बहुधा यांचाच असतो.

या रांगेची गोष्ट थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या उत्तरेत चक फिप्की आणि स्ट्युअर्ट ब्लसन या दोन भूवैज्ञानिकांनी वर्षानुवर्षं शोध घेतला. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांच्या डाया मेट कंपनीने बीएचपी या बड्या खाणकंपनीबरोबर जाहीर केलं की ५९ किलोच्या नमुन्यात ८१ बारीक हिरे मिळाले. डाया मेटचा शेअर सेंटांवरून डॉलरांवर गेला. मग आजूबाजूची जमीन अडवायला झुंबड उडाली आणि नावात 'डायमंड' असलेल्या कंपन्या रातोरात उगवल्या. त्या पहिल्या शोधातली एकाटी खाण उघडली १९९८ मध्ये, म्हणजे बातमीनंतर सात वर्षांनी. पुढच्या पंचवीस वर्षांत त्या वायव्य प्रांतात एकूण चार खाणी सुरू झाल्या: एकाटी, डायव्हिक, स्नॅप लेक, गाचो कुए. त्यातली स्नॅप लेक २०१५ मध्ये बंदही पडली. बाकीच्या कंपन्यांनी छापलेले शेअर मात्र कुणी ना कुणी पैसे मोजूनच घेतले होते.

पायरी २: कुठले पैसे लावायचे

पट्टीतून आधी बागेचा पुढच्या वर्षीचा खर्च बाजूला काढा: खत, कल्टार, फवारणी, राखणदार. घराचा वर्षाचा खर्च आणि पतसंस्थेचा हप्ताही काढा. त्यानंतर जे उरतं त्यातली एवढीच रक्कम घ्या, जी पूर्ण बुडाली तरी घरात कुणाला सांगताना मान खाली घालावी लागणार नाही. सोनं तारण ठेवून, भिशी उचलून हा शेअर घेऊ नये. बोटीवरच्या भावाच्या खात्यातून "माझ्यासाठी घे" असंही करू नये. त्याचं अनिवासी खातं, त्याचा कर, आणि उद्या भांडण झालं तर शेअरवर नावही त्याचंच.

पायरी ३: खडकाचा हिशोब

कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. खडकाची किंमत काढायला दोन आकडे लागतात: टनाला किती कॅरट आणि कॅरटला किती डॉलर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एका टन खडकाची किंमत. त्यातून तो टन खणून, फोडून, धुऊन काढायचा खर्च वजा करा. नवखे लोक यातला पहिला आकडा पाहून हुरळतात.

लेत्सेंगला शंभर टन खडकात दोन कॅरटहूनही कमी हिरे मिळतात. तरीही ती खाण चालली, कारण तिथले हिरे मोठे आणि चोख, कॅरटला हजार डॉलरच्या वर जाणारे. उलट ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीत हिऱ्यांचं पीक प्रचंड होतं, पण बहुतेक माल बारीक आणि तपकिरी. तिची दुर्मिळ गुलाबी खडे देणारी म्हणून ख्याती होती, तरी नोव्हेंबर २०२० मध्ये ती बंद झाली.

दुसरा आकडा, म्हणजे भाव, हाच घोळाचा. सोन्याला रोजचा एक भाव असतो, हिऱ्याला नसतो. वाशीला पेटी उघडल्यावर पाच डझनीला एक दर, आठ डझनीला दुसरा, आणि डाग दिसला तर तिसरा. बागेत उभं राहून पट्टीचा आकडा सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून शोधकाम करणाऱ्या कंपनीने 'अपेक्षित भाव कॅरटला अमुक डॉलर' असं लिहिलं, की तो किती कॅरट खरोखर विकून किंवा पारखून काढलाय ते शोधायचं. पन्नास-शंभर कॅरटच्या पुड्यावरून काढलेल्या भावावर मी विसंबणार नाही. काही हजार कॅरट असतील तर बोलू.

'नमुन्यात शेकडो सूक्ष्म हिरे' ही बातमी तर वारंवार येते. सूक्ष्म हिरे म्हणजे वाळूच्या कणाएवढे. ते विकत कुणी घेत नाही. खाली मोठे असू शकतील एवढाच त्यांचा अर्थ. खरी परीक्षा होते ती शेकडो-हजारो टनांचा मोठा नमुना काढल्यावर, आणि त्याला वेळही लागतो, पैसाही.

तांत्रिक अहवाल उघडा. कॅनडातल्या कंपन्यांचा 'एनआय ४३-१०१' नियमाखाली असतो, ऑस्ट्रेलियातल्यांचा 'जॉर्क' संहितेप्रमाणे. कॅनडाचा नियम २००१ मध्ये आला, ब्रे-एक्सच्या प्रकरणानंतर. इंडोनेशियातल्या तिच्या सोन्याच्या साठ्याचे नमुने बनावट निघाले आणि १९९७ मध्ये शेअर मातीमोल झाला. अहवालात साठ्यापुढे 'इन्फर्ड' लिहिलंय का 'इंडिकेटेड', 'मेझर्ड', एवढं तरी बघाच. 'इन्फर्ड' म्हणजे थोड्या बोअरवरून बांधलेला अंदाज; पुढची दोन पदं क्रमाने जास्त खात्रीची. 'इन्फर्ड'वर बँक कर्ज देत नाही, आणि नेमका तोच आकडा व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये ठळक अक्षरात फिरतो. सगळ्यात शेवटचं 'रिझर्व्ह' हे पद मिळतं ते खर्च वजा जाऊनही काढणं परवडेल असा अभ्यास झाल्यावर.

पायरी ४: तिजोरी

इथे सावकाश वाचा. बाकीच्या पायऱ्या विसरलात तरी चालेल.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. बाजारात तिचे ४० कोटी शेअर, भाव १५ सेंट. म्हणजे कंपनीची बाजारातली किंमत ६ कोटी डॉलर. तिमाही अहवालात रोख शिल्लक ४० लाख डॉलर आणि तिमाहीचा खर्च २५ लाख. भागाकार करा: दीड तिमाही, म्हणजे साडेचार-पाच महिने. उत्पन्न शून्य, कारण खाणच नाही. म्हणजे दिवाळीच्या आत ही कंपनी पैसे मागायला उभी राहणार, हे तुम्हाला आजच ठाऊक झालं. यासाठी भूगर्भशास्त्र यावं लागत नाही.

मग ती समजा १ कोटी डॉलर उभे करते, १२ सेंटांनी नवे शेअर काढून. चालू भावाहून स्वस्त, नाहीतर नवा माणूस येईल कशाला? नवे शेअर झाले सुमारे ८.३३ कोटी. तुमचे दहा हजार शेअर दहा हजारच राहिले, पण कंपनीतला तुमचा वाटा सतरा टक्क्यांनी घटला. वर प्रत्येक नव्या शेअरबरोबर एक वॉरंट फुकट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने आणखी एक शेअर घ्यायचा हक्क. तेही वापरले गेले की मूळ वाट्याच्या सत्तर टक्केच उरले. खाण सुरू होईपर्यंत हे असं चार-पाच वेळा होतं. म्हणून दहा हजार शेअर मिळाल्याचा आनंद बाजूला ठेवा आणि एकूण शेअर किती, वॉरंट आणि त्यासारखे इतर हक्क धरून किती, हे आधी लिहून काढा. अहवालात 'फुली डायल्यूटेड' या शब्दांपुढे तो आकडा सापडेल.

खाण सुरू झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. तेव्हा कर्ज येतं. कॅनडात क्यूबेकमध्ये स्टॉर्नोवे कंपनीने रेनार्ड खाण उभारली, २०१७ मध्ये ती व्यापारी उत्पादनात आली. हिरे निघत होते, पण अपेक्षेइतका भाव मिळेना. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने धनकोंपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं. खाण धनकोंच्या हाती गेली आणि पुढेही चालली. शेअरधारकांच्या हाती काही उरलं नाही. पेट्राचं तर नाव मोठं. दागिन्याच्या प्रतीचा जगातला सगळ्यात मोठा, ३,१०६ कॅरटचा हिरा १९०५ मध्ये जिथे सापडला ती कलिनन खाण तिच्याकडे. तरीही २०२१ मध्ये कर्जाची फेररचना झाली तेव्हा ९१ टक्के कंपनी रोखेधारकांकडे गेली आणि जुन्या शेअरधारकांकडे राहिली ९ टक्के. त्याच वर्षी पन्नास शेअरांचा एक शेअर केला. आलेखावर अशा वेळी भाव एकदम वर उडालेला दिसला, तर तो नफा नव्हे.

कागद कुठे मिळतात? कॅनडाच्या कंपन्यांचे 'सेडार प्लस' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. ऑस्ट्रेलियात शोधकाम करणाऱ्या कंपनीला दर तिमाहीला 'अपेंडिक्स ५बी' हा तक्ता द्यावाच लागतो. त्यात आहे त्या पैशांत किती तिमाह्या निघतील हे कंपनीनेच लिहिलेलं असतं. तिथे दोनपेक्षा कमी आकडा असेल तर मी पैसे उभे होईपर्यंत हात लावत नाही. पैसे उभे झाले की भाव बहुधा खालीच येतो, आणि घ्यायचंच असेल तर ती वेळ बरी.

पायरी ५: हिऱ्याच्या बाजाराची हवा

मंदीत चांगली खाणही शेअरला वर नेत नाही. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळेत केलेल्या हिऱ्याने नैसर्गिक हिऱ्याचं गिऱ्हाईक खाल्लं. दिसायला तोच, रसायनशास्त्रानेही तोच, आणि सुरतेत ढिगाने तयार होतो. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच होता. डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने असे हिरे कॅरटला ८०० डॉलरने विकायला काढले. भाव इतके घसरले की २०२५ मध्ये तो धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डी बिअर्सचं खाणीतलं उत्पादन २०२३ मध्ये ३.१९ कोटी कॅरट होतं, २०२४ मध्ये २.४७ कोटीवर आलं. माल उठत नव्हता म्हणून त्यांनीच ते आवरलं. अँग्लोने डी बिअर्सची किंमत आपल्या वह्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये १.६ अब्ज आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २.९ अब्ज डॉलरने उतरवली. एवढ्या मोठ्या धन्याला जे सोसलं ते पंधरा सेंटवाल्याला सोसेल का, हे विचारून मगच पुढे जा.

पायरी ६: खातं आणि पैसे पाठवणं

परदेशी शेअर घ्यायला रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना आहे. निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपल्याला ती मर्यादा नडणार नाही. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा. वर्षात १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून). रिटर्न भरताना तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. मार्जिनवर, म्हणजे उधारीवर, खेळायला या योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत.

भारतीय ॲपमधून मिळणाऱ्या परदेशी खात्यांचा भर अमेरिकेच्या बाजारावर असतो, आणि या छोट्या कंपन्या टोरांटो, लंडन, सिडनीला. तेव्हा खातं उघडायच्या आधी तुम्हाला हव्या त्या बाजारात सौदा होतो का आणि दर सौद्याला किमान शुल्क किती, हे विचारा. वीस हजारांच्या खरेदीवर जाता-येता दोन हजार शुल्कात आणि डॉलर बदलण्यात गेले, तर सुरुवातच दहा टक्के खाली.

पायरी ७: ऑर्डर

कायम लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे भाव तुम्ही ठरवता; मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर नको. या शेअरांत दिवसाला उलाढाल थोडी असते; घेणारा १४ सेंट म्हणतो, विकणारा १६. मार्केट ऑर्डर टाकलीत की १६ ला घेतलात आणि त्याच मिनिटाला १४ ला विकू शकता, म्हणजे बारा टक्के गेलेच. रक्कम एकदम न लावता तीन तुकड्यांत लावा, आणि एक तुकडा कंपनी पुढच्या वेळी पैसे उभे करील तेव्हासाठी ठेवा.

वेळाही लक्षात घ्या. लंडनचा बाजार आपल्या दुपारी साडेबारा-दीडला उघडतो, टोरांटोचा संध्याकाळी सात-आठला, सिडनीचा पहाटे. जुलैत संध्याकाळी आठला गावात वीज असेल आणि मोबाइलला रेंज असेल, याची खात्री महावितरणही देणार नाही. म्हणून ऑर्डर दिवसा शांतपणे, 'रद्द करेपर्यंत चालू' या प्रकारात टाकून ठेवावी.

पायरी ८: विकायचं कधी, ते घेतानाच लिहा

मोठा हिरा सापडला की शेअर उसळतो. लुकाराला नोव्हेंबर २०१५ मध्ये करोवेत १,१०९ कॅरटचा 'लेसेदी ला रोना' मिळाला. जून २०१६ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात बोली ६.१ कोटी डॉलरपर्यंत गेली, राखीव किमतीला पोचली नाही आणि हिरा परत आला. शेअर खाली आला. शेवटी सप्टेंबर २०१७ मध्ये तो ग्राफ या लंडनच्या जवाहिऱ्याने ५.३ कोटी डॉलरना घेतला. बातमीपासून पैसे हातात यायला जवळपास दोन वर्षं. त्यामुळे भाव दुप्पट झाला तर अर्धे विकून मुद्दल काढायचं, अहवाल वेळेत आला नाही तर सगळे विकायचे, असं काय ते वहीत तारखेसह लिहा. नंतर ठरवू म्हटलं की शेजारी काय म्हणतो त्यावर ठरतं. रोज आत-बाहेर करण्याच्या फंदात तर पडूच नका. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात भारतात शेअरांत इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना २०२२-२३ मध्ये तोटा झालेला आढळला.

पायरी ९: कर

परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के (जुलै २०२४ पासून), त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे; सेस वेगळा. तोटा झाला तरी रिटर्न वेळेत भरा, म्हणजे तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. परदेशी शेअर असताना आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मधल्या 'शेड्यूल एफए' या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतो, एक पैसा उत्पन्न नसलं तरी, आणि तिथे जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरतात. तालुक्याच्या ठिकाणी सगळ्याच कर सल्लागारांच्या हातून ही कामं जात नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या.

पायरी १०: घरी येऊन शेअर विकणारा

हिऱ्याचं नाव घेऊन दोन प्रकारचे लोक येतात. एक व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरचा 'सर', जो आपलंच ॲप डाउनलोड करायला सांगतो. त्यात तुमचे लाखाचे पाच लाख दिसतात, आणि काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा'. दुसरा ओळखीचाच कुणीतरी, नोंदणी नसलेल्या आफ्रिकन खाणीचे 'लिस्टिंगपूर्व' शेअर घेऊन येणारा, नाहीतर महिन्याला पाच टक्के ठरवून देणारा. हातात देतो तो छापील दाखला, डीमॅटमध्ये काहीच नाही.

पहिल्याला सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. त्याने पाठवलेला फोटो चालणार नाही. व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यात पैसे मागितले की तिथेच थांबा. दुसऱ्याला कंपनीचं नाव, कुठल्या देशात नोंद, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद, एवढं लेखी मागा. ओळखीचा म्हणून लाजू नका.

पैसे गेलेच, तर गावकीत चर्चा नंतर करा. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन आणि बँकेला कळवणं, त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली गेली तरच परत यायची आशा असते. ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून ठेव घेतली असेल तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, लागू होऊ शकतो. त्यासाठी पावती, चॅट आणि बँकेचा उतारा घेऊन पोलीस ठाण्यात जा, आणि त्याच माणसाकडे पैसे अडकलेल्या इतरांनाही बरोबर घ्या.